लेंड्यांचा आहेर

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून दुसऱ्या कोणी सांगायला नको. मी कित्येक वर्षं माझ्या बकऱ्यांना जंताचं औषध प्रसादासारखं वाटलं. पावसाळा लागला की बाटली काढायची, साऱ्या बकऱ्या ओळीनं उभ्या करायच्या आणि एकेकीच्या तोंडात एक-एक झाकण ओतायचं. दाढी वाढवून मिरवणाऱ्या बोकडाला एक झाकण आणि आईमागं धावणाऱ्या पिल्लालाही एकच झाकण. वजनाबिजनाचा प्रश्नच नाही. प्रसाद काय वजन पाहून देतात? वरून बाटली सगळ्यांना पुरावी म्हणून झाकणही मी काठोकाठ भरत नसे. आणि एवढं करून मी स्वतःला सौंसर तालुक्यातली बकऱ्यांची मोठी डॉक्टरीण समजत होते. बोरगावपासून मोहगावपर्यंतच्या बाया विचारायला यायच्या आणि मी ओसरीवर पान लावत बसून त्यांनाही हीच पद्धत शिकवायची. आज ती ओसरीवरची बाई आठवली की वाटतं, जावं आणि तिच्या हातातली बाटली हिसकावून घ्यावी. पानही घ्यावं.

हा मूर्खपणा मी इतक्या ऐटीत का सांगते आहे, हे कळायला तुमची माझ्या ईनबाईंशी ओळख व्हायला पाहिजे. ईनबाई म्हणजे विहीण, माझ्या सुनेची आई. छातीठोकपणे सांगते, मराठी बोलणाऱ्या साऱ्या मुलखात अशी विहीण दुसऱ्या कोणाला मिळाली नसेल. मिळाली असेल तर तिनं माझ्याकडे यावं, आपण दोघी मिळून बसू आणि आपापल्या विहिणींवर हसू.

स्थळ पाहायला त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा मी चांगलीच धास्तावले होते. माझा मुलगा पांढुर्ण्याला बँकेत. मुलगी नागपूरची, शिकलेली. तिचे वडील नाहीत, आणि आई मोठ्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. मी आदल्या दिवशीच अंगण सारवून घेतलं, मुलाला इस्त्रीचा सदरा घातला, आमच्या यांना "जास्त बोलू नका" म्हणून दटावलं. ईनबाई आल्या. अंगावर सुंदर रेशमी साडी आणि साडीखाली गुडघ्यापर्यंत रबरी बूट. पाणी प्याल्या, मुलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बकऱ्यांचा वास येतोय. कुठे आहेत?"

मी म्हटलं, "मागं कोठ्यात हायेत जी. काहून?"

उत्तर द्यायला त्या थांबल्याच नाहीत. कोठ्यात शिरल्या, पदर खोचला आणि एकेक बकरी धरून अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहू लागल्या. आतली बाजू लाल असेल तर बकरी ठीक. पांढरी असेल तर तिचं रक्त कोणीतरी पिऊन राहिलं आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पोहे गार होऊन राहिले आहेत आणि होणारी विहीण माझ्या बोकडाच्या डोळ्यात डोळे घालून उभी आहे. कोठा आटोपून त्या परत आल्या त्या तशाच ओसरीवर, आणि हात धुवायच्या आधी त्याच अंगठ्यानं माझ्या मुलाची पापणीही ओढून पाहिली. मग खुर्चीत बसल्या आणि निकाल दिला, "मुलगा छान आहे. बकऱ्या मात्र फिक्या आहेत."

मला असा राग आला! मुलाला दोन शब्द आणि बकऱ्यांची एवढी चौकशी! मी म्हटलं, "आमच्या बकऱ्या जातीनंच गोऱ्या हायेत जी." हे उत्तर मला तेव्हा फार झणझणीत वाटलं होतं. शेजारच्या रुक्माला मी ते दोनदा सांगितलं.

लग्नात ईनबाईंनी आणखी कमाल केली. आमच्याकडे मुलीकडून रुखवत येतं, ते सारं गाव पाहायला येतं. कुरड्या-पापडांचे थर, साखरेचं तुळशीवृंदावन, रंगवलेले नारळ, सगळं रीतसर होतं. आणि मधोमध, मानाच्या जागी, लोकरीनं विणलेले दोन गड्डे. एक लाल, एक पांढरा, कोबीएवढे, वेडेवाकडे गुंतलेले, आणि प्रत्येकाच्या पोटात एक खोल घडी. शेजारी वाटीत रंगीत मणी. माझी मोठी नणंद, जिला जगातलं सगळं कळतं, ती गड्डा उलटापालटा करून म्हणाली, "टोपरं दिसते. पण डोकं कुठून घालाव?"

"टोपरं नाही, एन्झाइम आहेत," ईनबाई म्हणाल्या. लाडू आहेत म्हणावं तितक्या सहज. आणि लग्नघाईत, नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला असताना, त्यांनी आम्हा सगळ्या बायांना खाली बसवून समजावलं. बकरीच्या पोटात एक जंत राहतो. तो तिचं रक्त पितो. नुसतं पिऊन भागत नाही, ते पचवावं लागतं. आणि पचवायला त्याच्या पोटात बारीक बारीक कामकरी असतात, ते म्हणजे एन्झाइम. हा लाल गड्डा जंताचा कामकरी. त्याच्या घडीत रक्ताचा कण जाऊन बसला की तो त्याचे तुकडे करतो. आता त्या घडीत आपण आधीच एक मणी अडकवून ठेवला तर? कामकऱ्याचे हात बांधले गेले, जंत उपाशी मेला. तो मणी म्हणजे औषध.

"एवढंच?" मी म्हटलं. वाटीतला एक मणी उचलला आणि लाल गड्ड्याच्या घडीत खुपसला. चपखल बसला. "घ्या, झालं तुमचं औषध!"

ईनबाईंनी शांतपणे तो मणी काढला आणि पांढऱ्या गड्ड्याच्या घडीत ठेवला. तिथेही तितकाच चपखल बसला. "हा पांढरा बकरीचा कामकरी. तिलाही आपलं अन्न पचवायचं असतं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "बकरी मेली."

त्या दिवशी मांडवात मी किती बकऱ्या मारल्या त्याचा हिशोब नाही. वाटीतला जो मणी उचलावा तो एक तर दोन्हीकडे बसायचा, नाहीतर दोन्हीकडून घरंगळायचा. लालमध्ये बसेल आणि पांढऱ्यातून पडेल असा मणी त्या वाटीत नव्हताच. "तोच शोधतेय," ईनबाई म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हापासून." म्हणजे त्यांचं स्वतःचं लग्न. एवढं एकच मागणं होतं त्या बाईचं आयुष्याजवळ. जंत मरावा आणि बकरी राहावी.

त्यानंतर पंगतीत शेवयांची खीर वाढली तेव्हा त्यांनी माझ्या दिराला अगदी मायेनं सांगितलं, "हा जंत साधारण एवढाच असतो हो, लाल-पांढरा पीळ असतो त्याला. फार देखणा." दिरानं उचललेली वाटी खाली ठेवली. आजतागायत त्यानं आमच्याकडे खीर घेतलेली नाही.

आणि निरोपाच्या वेळी मी मानाची साडी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतला. "साडी नको, ईनबाई. लेंड्या द्या. ताज्या."

मला वाटलं, चेष्टा करून राहिल्या. पण बाईनं झोळीतून स्वच्छ पिशवी काढली. बकऱ्यांच्या लेंड्यांत जंताची अंडी असतात, ती प्रयोगशाळेत उबवायची, पिल्लं निघाली की त्यांच्यावर एकेक मणी घालून पाहायचा, असा तो कारभार. तेव्हापासून आमच्या घरचा रिवाजच होऊन बसला. दुसऱ्यांच्या विहिणी आल्या की लुगडं, खण, नारळ. आमची ईनबाई आली की मी भल्या सकाळी कोठ्यात पिशवी धरून बकरीच्या मागं उभी. सून माहेरपणाला निघाली तरी तिच्या हाती डबा. एकदा नागपूरच्या बसमध्ये कंडक्टरनं ईनबाईंना विचारलं, "बाई, डब्ब्यात काय हाये? सांडीन ना." त्या खोटं बोलतच नाहीत. म्हणाल्या, "अंडी आहेत." "कोंबडीचे?" "नाही, जंतांची." नागपूर येईपर्यंत त्या सीटवर त्यांच्याशेजारी कोणी बसलं नाही. त्यांना ते फार आवडलं. पाय पसरून झोपल्या.

त्यांच्या बोलण्याचीही एक तऱ्हा होती. काचेच्या बशीत औषधानं जंत मेला म्हणजे बकरीच्या पोटातही मरेल असं नाही, हे त्यांना इतक्या वेळा सोसावं लागलं होतं की त्या कुठल्याच चांगल्या बातमीवर एकदम विश्वास ठेवत नसत. मी विचारायची, "काय जी, मणी बसला का?" त्या म्हणायच्या, "बशीत झालं. बकरीत पाहू." हे आमच्या घरात असं रुजलं की आमचे हे रोपवाटिकावाल्यालाही सुनावू लागले. तो म्हणाला, हे संत्र्याचं कलम चौथ्या वर्षी फळ धरते, की हे म्हणायचे, "बशीत झालं असन बाप्पा. बकरीत पाहू." त्याला काही कळायचं नाही, तो भाव कमी करायचा.

आता बिजलीची गोष्ट. बिजली ही माझी लाडकी बकरी. नाव बिजली आणि चाल अशी की दारातून कोठ्यात जायला तिला दुपार व्हायची. एका पावसाळ्यात ती खाईनाशी झाली, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली. मी पापणी ओढून पाहिली, तेवढं आता मला येत होतं. आत कागदासारखी पांढरी. मी माझं झाकणभर औषध पाजलं. काही नाही. पुन्हा पाजलं. काही नाही. रुक्माची एक बकरी त्याच आठवड्यात गेली. मी घाबरून ईनबाईंना फोन केला. त्या दिवसांत त्यांचा एक मणी बशीत चांगला चालून राहिला होता, ते मला सुनेकडून कळलं होतं. मी म्हटलं, "तो मणी आणा. बिजलीले द्या."

"ते औषध नाही, ईनबाई. तो नुसता मणी आहे. बकरीत काय करेल ते मला माहीत नाही."

"मरूनच राहिली ना ते! मंग बिघडलं काय?"

"मेली तर जंतानं मेली की माझ्या मण्यानं, हे मला कधी कळणार नाही. मी नाही देणार."

मी फोन आपटला. विहिणीचा शब्द विहिणीनं मोडावा! एवढ्या वर्षांच्या लेंड्या दिल्या, त्याची ही परतफेड! मी रुक्माला म्हटलं, आता ती आली तर मी आतून बाहेर येणारच नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती आलीच. रबरी बूट घालून, गुरांच्या डॉक्टरला बोरगावच्या रस्त्यावरूनच सोबत उचलून. मी ठरल्याप्रमाणे आत बसले. आतून ऐकू आलं, "काटा कुठे आहे तुमचा? संत्र्याचे कॅरेट मोजता तो?"

काटा म्हटल्यावर मला राहवेना. बाहेर येऊन पाहते तर बिजली कॅरेटच्या काट्यावर उभी, आमचे हे तिचे कान धरून, आणि ईनबाई आकडा वाचून डॉक्टरला सांगताहेत. डॉक्टरनं दुसऱ्या जातीचं औषध काढलं, वजनाच्या हिशेबानं भरलं आणि पाजलं. भरलेलं माप पाहून माझे डोळे फिरले. मी बोलून गेले, "एवढं? एवढ्यात तर माझ्या साऱ्या बकऱ्या होतात!"

ईनबाई वळल्या. "म्हणजे? तुम्ही किती देता?"

मग मी मोठ्या तोऱ्यात माझी प्रसादाची पद्धत सांगितली. ओळ, झाकण, पिल्लाला तेवढंच, बोकडाला तेवढंच. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. ईनबाईंनी मात्र डोळे मिटले. मला वाटलं, चक्कर आली.

"अर्ध्या औषधानं काय होतं माहिती आहे?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "कच्चे जंत मरतात, पक्के राहतात. मग पक्क्यांचीच पिल्लं. त्यातले आणखी पक्के राहतात." डोळे उघडले, आणि त्यात अशी चमक, की मुलीच्या लग्नातही मी पाहिली नव्हती. "कित्येक वर्षं हेच केलंत? दरवर्षी?"

"हाव," मी म्हटलं, आणि पहिल्यांदा माझा आवाज बारीक निघाला. बोरगावपासून मोहगावपर्यंतच्या त्या सगळ्या बाया माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. रुक्माची बकरीही.

ईनबाईंनी झोळीतून पिशवी काढली.

बिजली जगली. ईनबाई आमच्याकडे राहिल्या, रोज तिची पापणी पाहत, आणि ज्या दिवशी त्या पांढऱ्या कागदावर गुलाबी पुसट रेघ उमटली त्या दिवशी दोघींनी मिळून चहा केला. फोन आपटल्याचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. जायच्या आधी मात्र मला घेऊन त्या दारोदार फिरल्या. मीच शिकवलेलं मीच पुसायचं, असं त्यांचं म्हणणं. "पापणी पाहा, फिकी असेल तिलाच औषध द्या, काट्यावर तोलून पूर्ण द्या." बाया मला म्हणायच्या, "काकू, तुम्ही तं झाकण सांगतलं होतं?" मी म्हणायची, "तवा मी येडी होती वं." हे वाक्य इतक्या दारांत म्हणावं लागलं की शेवटी शेवटी मला ते चालीवर म्हणता यायला लागलं. आता आमच्याकडे बाजारात बकरी घ्यायची तरी बाया आधी पापणी ओढतात. माझ्या कोठ्यात बिजलीच्या नाती-पणती आहेत, सगळ्या तिच्याच चालीनं चालणाऱ्या, आणि सगळ्यांच्या पापण्या आतून डाळिंबासारख्या.

आणि मणी? तो एक कोपरा घास, एक टोक वाढव, असं करत करत ईनबाई निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत जाऊन बसायच्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिथे मोठी झाली आहे, ती खुर्ची द्यायची. मागच्या दिवाळीनंतर ईनबाई आल्या त्या बूट न घालता. साधी चप्पल. मी विचारलं, "बूट कुठं हायेत जी?"

"डोळे गेले हो," त्या म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकाखाली एका जंताचे दोन दिसतात. काम त्या मुलीला देऊन टाकलं." मग हळूच, "शेवटचा मणी लालमध्ये घट्ट बसला, ईनबाई. तुमच्या कोठ्यातल्या पक्क्या जंतांवर. सगळे मेले."

"आन् पांढऱ्यात?"

"सैल बसतो. थोड्या वेळानं आपोआप सुटतो." मी उठून त्यांना मिठी मारणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "बशीत झालं. बकरीत पाहायला आता परवानग्या, तपासण्या, कितीतरी वर्षं. कदाचित होईल, कदाचित नाही. मी काही असेन असं नाही."

समोर काचेच्या कपाटात ते दोन लोकरीचे गड्डे होते. नातीनं लहानपणी चावून लालचा एक कोपरा फिका केलेला. ईनबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि ज्या बाईनं भर मांडवात लेंड्या मागताना पापणी लववली नव्हती ती बाई लाजून राहिली होती. "मागायला बरं वाटत नाही. रुखवत काही परत मागत नाहीत. पण त्या मुलीकडे नवीन पोरं शिकायला येतात, त्यांना हातात धरून दाखवायला..."

मी कपाट उघडलं. आमच्याकडे सुनेचं रुखवत माघारी गेल्याचं कोणी ऐकलं नसेल. माझी ती मोठी नणंद तेव्हा तिथं असती तर तिनं वर्षभर पुरवून पुरवून हा विषय चघळला असता. मी ईनबाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि ओटीत तांदूळ, नारळ, लाल गड्डा, पांढरा गड्डा आणि मण्यांची वाटी घातली. सवयीनं लेंड्यांची पिशवीही दिली. म्हटलं, त्या मुलीला लागतील.

मला त्यांचे आभार मानायचे होते. बिजलीसाठी, सुनेसाठी, रुक्माच्या दारात माझ्यासोबत उभ्या राहिल्या त्यासाठी. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. म्हटलं, "ईनबाई, मी तेव्हा ते झाकण-झाकण वाटलं नसतं तं किती बरं झालं असतं."

त्यांनी ओटी सावरली, पिशवी नाकाशी नेऊन ताजी असल्याची खात्री केली, आणि म्हणाल्या, "असं म्हणू नका. माझ्या मुलीला चांगलं घर पुष्कळ ठिकाणी मिळालं असतं, ईनबाई. असे जंत मला दुसरीकडे कुठे मिळाले असते?"